मंगळवारचं पाणी

पहाटे साडेतीनला पाणी येतं,
म्हणून माझं लिखाणही साडेतीनलाच.
मोटर लावायची, आणि पिंप भरेस्तोवर
स्वयंपाकघरात पाटावर बसून
हत्तीला थोडं पुढं ढकलायचं.

सहा महिने झाले, हत्ती सहाव्या पानावर उभा आहे.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन: "एमूलताई,
बत्तीस पानं, आठाच्या पटीत. हत्ती खपतो.
जमलं तर शेवटी एखाददुसरं झाड लावा."
मी हो म्हणते.
हो म्हणायला पैसे पडत नाहीत.

लिहायला अजून नान्नांचे जकार्डचे पुठ्ठे.
कारखाना मोडीत निघाला तेव्हा
हातगाडीवर दोन पोती घालून आणले होते त्यांनी,
मालकानं दुसरं काही दिलंच नाही.
नुसती भोकं. त्यांतून एके काळी
चादरीवर मोर उतरायचा,
आता माझी अक्षरं गळतात.
"हत्ती ना—ला."
नाचला की नांदला,
दुसऱ्या दिवशी माझं मलाच कळत नाही.
कधीकधी चुकीचा शब्दच बरा निघतो.

लोक विचारतात, गोष्टी सुचतात कुठून.
अम्मा विड्या वळायची. हजाराची मोजणी तेलुगूत,
शिव्या तेलुगूत, देव तेलुगूत.
गोष्ट मात्र मोडक्या मराठीत,
मी शाळेत मागं पडू नये म्हणून.
तिच्या गोष्टीत कोल्हा "गेली" आणि कोल्हीण "आला".
अकरा पुस्तकं झाली,
तसला एक कोल्हा मला जमला नाही.

मागच्या पंधरवड्यात विडी घरकुलच्या शाळेत
कच्चा हत्ती वाचून दाखवला.
पत्र्याखाली साठ पोरं, एक पंखा,
तोही गुरुजींकडं तोंड करून.
"मंगळवारी सकाळी हत्तीनं नळ सोडला
आणि सोंडेनं सगळी गल्ली भिजवली."
इथं हसतील, असं मी धरून चालले होते.

मागच्या रांगेतून एक तेल चोपडलेली वेणी उठली.
श्रीलता कोडम, चौथी ब.
"मॅडम, मंगळवारी पाणी कुठं असतंय?"
अगं, गोष्ट आहे, मी म्हटलं.
"होय की. पण शनिवारी आलतं,
म्हंजे आता बुधवारी येणार.
मंगळवारी सोडलं असंल
तर ते कुणाच्या तरी पिंपातलं असंल."

मग वर्ग पेटला. कुणाच्या पिंपातलं?
दवाखान्याच्या. नगरसेवकाच्या टाकीतलं.
सरांच्या बाटलीतलं.
खिडकीतला एकजण ओरडला,
"बुधवारपर्यंत पारोसा राहू दे की त्याला!"

पारोसा हत्ती.
रिक्षात अख्खा अक्कलकोट रोड
तोंडात तेवढेच दोन शब्द घोळवत आले,
शेंगाचटणीसारखे, पाणी न पिता.

इरफान बागवान चित्रं काढतो माझी.
आधी चादरीची डिझाइनं काढायचा, आता लग्नपत्रिका.
विचारतो, "पारोसा म्हणजे कुठला रंग?"
होटगी रोडवरच्या धुळीचा, दुपारी दोनच्या.
"मग शाई कमी लागंल," म्हणाला. खूश.

त्यालाच सांगितलं दुसऱ्या पुस्तकाचं:
पानापानाला भोक असलेलं,
ज्यातून पुढच्या पानावरचा डोळा आधीच दिसेल.
प्रकाशक म्हणाले, भोकाचे पैसे वेगळे पडतात.
नान्ना असते तर हसले असते,
आयुष्यभर भोकांचेच पैसे मिळाले त्यांना,
तेही थोडके.
आणि तिसरं, ज्याचं कुणाला बोलले नाही:
अम्माच्या चुकांचा कोश.
सध्या "ग" वर आहे. गेली. गाय बसला. गोष्ट संपला.

आज बुधवार. पिंप भरत आलंय.
हत्ती अजून सहाव्या पानावरच,
पण आता रांगेत, कडेला हंडा.
पुढं सात घागरी, मागं श्रीलता,
ती त्याला सारखी सांगते आहे, पुढं सरक.
सरकतो.
त्याचा नंबर यायच्या आतच
नळ सूं करायला लागतो.